तिसरी रिकामी

६ फेब्रुवारी, मंगळवार

चार नंबरच्या थंड खोलीचं तापमान सकाळी उणे अठरा, संध्याकाळी उणे सतरा. मटारची एक आणि मासळीच्या दोन गाड्या उतरवल्या. मागच्या रांगेतली खोकी वाकडी लागली होती, ती दादाने पुन्हा लावायला घेतली. सहाला खोली बंद केली. दादाचा सतरा नंबरचा बिल्ला आज परत खुंटीवर राहिला. मी मामांना म्हणालो, सतरा आहे. मामा म्हणाले, "तो घरी पोचून चहा पीत असेल, बिल्ला इथे ओव्हरटाइम करतोय." सगळे हसलो. रिकामी, रिकामी, रिकामी. दांडा ओढला.

आईच्या गुडघ्याचं मलम आणलं. साडेआठला वहिनीचा फोन आला की दादा अजून आला नाही. पत्ते खेळायला बसला असेल, म्हणालो. आईही तेच म्हणाली. वहिनी म्हणाली, असेल.

७ फेब्रुवारी, बुधवार

दादा गेला.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

आज लिहायला बसतो आहे. पंधरा वर्षं रोज दोन-चार ओळी लिहिल्या आहेत, तापमान आणि कामाच्या. आता काय लिहायचं ते कळत नाही. जसं झालं तसं लिहितो.

बुधवारी सकाळी सातला मी आणि लांब्याने चार नंबर उघडली. दादा दाराशीच होता. बसलेला. आतून दार ढकलायचा खटका असतो, त्यावर मुठीएवढा बर्फ होता. खालची खोकी फोडून त्याने पुठ्ठे अंगाभोवती गुंडाळले होते. खटक्याशेजारी घंटेचं बटण आहे. त्या घंटेची वायर डिसेंबरपासून काढलेली आहे, कारण ती दिवसातून तीनदा आपोआप वाजायची. काढायची का असं मामांनी सगळ्यांना विचारलं होतं. सगळे म्हणाले काढा. मीही म्हणालो होतो, काढा एकदाची कटकट.

नियम असा आहे. खोलीत जाताना आपला बिल्ला दारावरच्या फळीवर, आपल्या नंबरच्या लाकडी खुंटीला लावायचा. बाहेर आलं की काढून घ्यायचा. बंद करताना तिघांनी बघायचं. पहिल्याने दारात उभं राहून हाक मारायची, दहा आकडे मोजायचे आणि "रिकामी" म्हणायचं. दुसऱ्याने खुंट्या बघून "रिकामी" म्हणायचं. तिसऱ्याने दोन्ही तपासून "रिकामी" म्हणायचं आणि दाराचा दांडा ओढायचा. पहिले मामा, आमचे मुकादम. दुसरा लांब्या. तिसरा मी.

हाक कोणी मारली नाही. ती कित्येक महिन्यांत कोणी मारलेली नाही. "रिकामी" हे आता खोलीबद्दल राहिलेलंच नाही, घरी जायची वेळ झाली एवढाच त्याचा अर्थ. मामा म्हणतात, लगेच लांब्या म्हणतो, लगेच मी म्हणतो. दादा तर नक्कल करायचा, तीन आवाज एकट्याने काढून. बिल्ला तो निम्मे दिवस काढायचा विसरत असे. "बिल्ला बकरीच्या गळ्यात असतो, मी काय बकरी आहे का?" असं म्हणायचा.

मी बिल्ला बघितला होता. बघितला, बोललो, हसलो आणि दांडा ओढला. मामा आणि लांब्या आधी म्हणाले नसते तर मी रिकामी म्हणालो असतो का? नसतो. पण ते म्हणाले होते.

दवाखान्याच्या पॅसेजमध्ये वहिनी आली तेव्हा मी तिच्याशी काय बोललो ते आठवत नाही. ती माझ्या हाताकडे बघत होती एवढं आठवतं. उजव्या तळहातावर ओरखडा आहे. कशाचा, माहीत नाही.

मामा संध्याकाळी थर्मासमधून चहा घेऊन आले. आईच्या पायाशी बसून लहान मुलासारखे रडले. जाताना मला जिन्यात म्हणाले, "धाकट्या, आत्ता कोणापाशी काही बोलू नकोस. तुझं डोकं ठिकाणावर नाही. सगळे मिळून बोलू."

दादाचा भाऊ म्हणून कामावर सगळे मला धाकट्याच म्हणतात. आता कोणाचा धाकटा?

११ फेब्रुवारी, रविवार

सुट्टी म्हणून कामावरचे सहा-सातजण भेटायला आले. आमच्या खोलीत जागा पुरेना, तर दोघं पलंगावर दाटीवाटीने बसले. कोणी गप्प राहिलं की दुसरा काहीतरी बोलायचा. शेवटी मीच बोललो. म्हणालो, बिल्ला होता, मी मामांना सांगितलं होतं.

लांब्या म्हणाला, "मंगळवारी? अरे नाही. सोमवारी होता."

"मंगळवारीही होता."

"सोमवारीच तर मामा म्हणाले ना, ओव्हरटाइम करतोय म्हणून. त्याच्यावरून तर हसलो आपण. मंगळवारी खुंटी मोकळी होती. मला आत्ता दिसतेय बघ, खुंटीभोवती तो गंजाचा गोल डाग आहे ना, तोसुद्धा दिसत होता. बिल्ला असता तर डाग कसा दिसला असता?"

मामा जमिनीकडे बघत होते. मग हळूच म्हणाले, "मलाही सोमवारच वाटतो." मालाच्या नोंदी ठेवणारा कारकून म्हणाला, त्या वेळी तो तिथे नव्हता, पण सोमवारी सगळे हसत बाहेर आल्याचं त्याला आठवतं.

मी म्हणालो, असेल.

सोमवारीही बिल्ला राहिला होता हे खरं आहे. दादाचं ते नेहमीचंच. दोन दिवस एकमेकांत मिसळू शकतात. मला तेव्हापासून धड झोप नाही.

आई नंतर म्हणाली, "किती जीव लावतात रे तुला सगळे."

१४ फेब्रुवारी, बुधवार

कामावर गेलो. घरात बसवत नव्हतं. मला थंड खोल्यांकडे न पाठवता साहेबांनी बाहेरच्या काउंटरवर पावत्या फाडायला बसवलं आहे. तिथे जाड कोट लागत नाही. तो घरी दारामागे टांगलेला आहे, त्या दिवशी अंगात घालून दवाखान्यात गेलो होतो तो.

चार नंबरला नवी घंटा बसवली आहे. दर तासाला कोणीतरी वाजवून बघतो. प्रत्येक वेळी माझी एक पावती चुकते.

जेवणाच्या सुट्टीत मी गेलो तर माझी जागा धरून ठेवली होती. डबाही कोणीतरी गरम करून ठेवला होता. एरवी माझ्याशी महिन्यातून एकदा बोलणारी माणसं खांद्यावर हात ठेवून गेली. मी तसा कमी बोलणारा. गप्पा दादाच्या, मी शेजारी. आता त्या बाकावर मधली जागा मला देतात.

चारला साहेबांनी आत बोलावलं. चौकशी होणार आहे, वरून एक बाई येणार आहेत. साहेब म्हणाले, "तुम्हाला सांगायला हवं म्हणून सांगतो. बिल्ला त्यांच्या खिशात होता अशी माझी माहिती आहे. त्यांनी तो लावलाच नव्हता. तुम्ही स्वतःला त्रास करून घेऊ नका."

खिशात.

म्हणजे खुंटी मोकळी होती. म्हणजे मी बघितलं ते सोमवारचं.

बाहेर आल्यावर नळाखाली तोंड धुतलं. बराच वेळ धुतलं.

१७ फेब्रुवारी, शनिवार

तीन दिवस झोप लागते आहे. काल सकाळी आईने हलवून उठवलं.

दादाचा राग येतो. इतकी वर्षं सगळे सांगत होते. बिल्ला लावायला काय जात होतं? पोरीचा विचार करायचा. मला कामाला लावलं ते त्यानेच. पहिल्या दिवशी फळीसमोर उभं करून म्हणाला होता, "हा बिल्ला म्हणजे तू. हा इथे आहे तोवर तू आत आहेस." दुसऱ्याला शिकवलं आणि स्वतः बकरीचे विनोद केले.

आता डोळे मिटले की फळी नीट दिसते. सोळा, मग मोकळी खुंटी, तिच्याभोवती गंजाचा गोल, मग अठरा. त्या दिवशी मला असं स्पष्ट का दिसलं नाही कोण जाणे. धक्क्याने होतं म्हणतात. मागची पानं वाचायची इच्छा नाही. त्या माणसाचं डोकं ठिकाणावर नव्हतं.

२० फेब्रुवारी, मंगळवार

वहिनीकडे गेलो होतो. समोरच्याच गल्लीत तर घर आहे, पण चार दिवस जाणं झालं नव्हतं. चिमणी, दादाची मुलगी, दुसरीत आहे. जमिनीवर बसून चित्र रंगवत होती. वर न बघता तिने विचारलं, "काका, बाबा नियम पाळत नव्हते का?"

"कोण म्हणालं?"

"शाळेत. एकीचे बाबा तुमच्याकडेच आहेत. ती म्हणाली, तुझ्या बाबांनी बिल्ला नाही लावला म्हणून ते मेले. बाई म्हणाल्या, म्हणून नियम पाळावेत. मग सगळी मुलं माझ्याकडे बघायला लागली."

मी म्हणालो, बाबा फार चांगले होते. ती म्हणाली, ते मला माहितीय, मी ते नाही विचारलं.

वहिनी ओट्यापाशी उभी होती. पाठमोरीच म्हणाली, "भाऊजी, तिला उत्तर द्या."

मी म्हणालो, "बाबा त्या दिवशी बिल्ला लावायला विसरले."

वहिनीने गॅस बंद केला. चहा उकळायचा बाकी होता तरी बंद केला. मग दवाखान्यातून मिळालेली पिशवी आणून माझ्यासमोर ठेवली. कंगवा, किल्ली, रुमाल, खोक्यांवर नंबर टाकायचा जाड पेन, चिमणीची एक क्लिप. म्हणाली, "एवढंच होतं खिशात. बिल्ला कुठाय?"

"साहेबांनी ठेवून घेतला असेल. चौकशीसाठी."

"असेल," ती म्हणाली. मग विचारलं, "त्या दिवशी पॅसेजमध्ये तुम्ही माझ्याशी काय बोललात, आठवतं?"

"काही बोललो असेन असं वाटत नाही. मी शुद्धीवर कुठे होतो?"

तिने मान हलवली. निघताना रोज चिमणीला "काकांना टाटा कर" म्हणते, आज म्हणाली नाही. थकली असेल.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

सोमवारी चौकशी. कॅन्टीनमध्ये मामांनी आम्हा दोघांना घेऊन बसवलं. कारकूनही येऊन बसला.

मामा म्हणाले, "मी काही शिकवत नाही बरं का कोणाला. नुसती आठवण करून देतोय. मी दारात उभा राहिलो. हाक मारली."

मी वर बघितलं. लांब्या म्हणाला, "मारली की. 'आहे का कोणी' असं."

"मारली," मामा म्हणाले. "पंख्यांच्या आवाजात आत ऐकू गेली नसेल. मग खुंट्या बघितल्या. धाकट्या, तू?"

"मी बघितल्या."

"सतरा?"

"मोकळी."

"बघ, तू म्हणतोस. मी म्हणालो नाही." मामांचे डोळे भरून आले होते. "दोन वर्षांत मी घरी बसेन रे. तुझ्या दादाला मीच लावून घेतलं होतं कामाला. माझ्या हातून असं होईल का?"

कारकून म्हणाला, "तिघांचं एकच आहे म्हटल्यावर प्रश्नच मिटला. वेगवेगळं असतं तर भानगड."

हाक मारलेली मला आठवत नाही. पण बिल्ल्याचंही आधी मला उलटंच आठवत होतं. माझ्या आठवणीवर मी तरी किती विसंबायचं? बाकीचे दोघं सांगतात आणि दोघांचं जुळतं.

लांब्याने निघताना पाठीवर थाप मारली. म्हणाला, "सुटलास गड्या." कशातून ते म्हणाला नाही.

२६ फेब्रुवारी, सोमवार

चौकशी झाली.

कॅन्टीनची टेबलं भिंतीला लावून खुर्च्या मांडल्या होत्या. चौकशीच्या बाई पन्नाशीच्या असतील. स्वतःच्या हाताने लिहितात, सावकाश, आणि ओळ पुरी होईपर्यंत वर बघत नाहीत. आम्ही तिघं पहिल्या रांगेत. मामा, लांब्या, मी. तसं बसा असं कोणी सांगितलं नव्हतं, आपोआपच तसे बसलो. मागे बाकीचे. अगदी शेवटच्या खुर्चीवर वहिनी.

बाईंनी मामांना विचारलं, बंद करताना सतरा नंबरच्या खुंटीवर काय होतं?

मामा म्हणाले, "खुंटी रिकामी."

बाईंनी लिहिलं. मग लांब्याकडे बघितलं.

"रिकामी."

बाईंनी लिहिलं. माझ्याकडे बघितलं. मी विचार करून ठेवला होता की सविस्तर सांगायचं, फळी कशी दिसली, डाग कसा दिसला. पण त्यांनी बघितलं आणि तोंडातून आपोआप निघालं.

"रिकामी."

कॅन्टीनमधला फ्रीज त्याच वेळी घरघरला. माझा उजवा हात मांडीवरून उचलला गेला होता. दांडा ओढतात तसा. मी तो खाली ठेवला.

बाईंनी विचारलं, अजून काही? मी म्हणालो, नाही. त्या म्हणाल्या, कोणाला जबाबात दुरुस्ती करायची असेल तर शुक्रवारपर्यंत माझ्या ऑफिसात लेखी आणून द्या, त्यानंतर मी अहवाल पाठवते. अहवालात काय जाणार ते साहेबांनी बाहेर सांगितलंच. मयताने नियमाचं पालन केलं नाही.

नंतर मामांनी मला मिठी मारली. सगळ्यांनी चहा घेतला. वहिनी चहाला थांबली नाही. मी तिला पोचवायला निघालो तर म्हणाली, "राहू द्या. मला रस्ता माहीत आहे."

आज झोप येत नाही. सुटलो तर यायला हवी.

२८ फेब्रुवारी, बुधवार

दुपारी वहिनी आली. मी जेवायला घरी आलो होतो. आई आतल्या खोलीत पडली होती. वहिनी बसली नाही.

म्हणाली, "आज सांगून टाकते, मग पुन्हा विषय काढणार नाही. त्या दिवशी पॅसेजमध्ये तुम्ही माझ्यासमोर गुडघ्यांवर बसलात. सारखं एकच म्हणत होतात. बिल्ला होता वहिनी, बिल्ला होता, मी पाहिला होता. मी मोजलं नाही, पण नर्स येऊन तुम्हाला उठवेपर्यंत म्हणत होतात."

"मी भ्रमात असेन. तेव्हा मला—"

"मुठीत होता तुमच्या."

"काय?"

"बिल्ला. पत्र्याचा, सतरा लिहिलेला. तुम्ही मूठ इतकी आवळली होती की हातातून रक्त येत होतं. नर्सने बोटं उघडायला लावली. मग तुम्ही तो कोटाच्या खिशात टाकलात." ती दारामागे बघत होती. "मी तीन आठवडे वाट बघितली, भाऊजी. म्हटलं, आज सांगतील, उद्या सांगतील. मला वाटलं तुम्ही खोटं बोलताय. सोमवारी तुमचा चेहरा बघितला आणि कळलं की तुम्हाला ते खरंच वाटतंय. तेव्हा मला जास्त भीती वाटली."

मीही तिकडे बघितलं. ती म्हणाली, "तुम्ही दांडा ओढलात ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. त्यासाठी मी तुम्हाला एक शब्द बोलले का? पण माझ्या पोरीला तुम्ही सांगितलंत की तिचा बाप विसरला." एवढं बोलून गेली.

दारामागच्या कोटावर आईची शाल आणि माझे दोन शर्ट होते. ते काढले. उजव्या खिशात हात घातला.

सतरा. एका कोपऱ्याला काळपट डाग आहे.

मग ही वही मागे उलटली. सहा तारखेचं पान. माझंच अक्षर. "सतरा नंबरचा बिल्ला आज परत खुंटीवर राहिला." आज. त्या पानाला काहीच ठाऊक नाही. त्या पानात दादा जिवंत आहे, पत्ते खेळतो आहे, आणि मी आईच्या मलमाचं लिहितो आहे. मी ते लिहीत होतो तेव्हा तो खोकी फोडत होता.

नऊ तारखेला मी लिहिलं आहे की खुंट्या लाकडी आहेत. पंधरा वर्षं मी त्या बघतो आहे. लाकडाला गंज चढत नाही, आणि बिल्ले ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे, त्यांचाही डाग पडत नाही. आणि सतरा तारखेला मला गंजाचा गोल स्पष्ट दिसत होता. आत्ता डोळे मिटले तरी दिसतो. खोटा आहे हे माहीत असून दिसतो. बिल्ला माझ्यासमोर टेबलावर आहे आणि डोळे मिटले की खुंटी मोकळी दिसते. हे कोणाला सांगायचं? कोणी माझ्या डोक्यात हात घालून वस्तू हलवल्या असत्या तर त्याला धरता आलं असतं. इथे सगळ्यांनी माझा डबा गरम केला.

दुपारी कामावर परत गेलो नाही.

२९ फेब्रुवारी, गुरुवार

साहेबांना विचारलं, बिल्ला खिशात होता हे तुम्हाला कोणी सांगितलं? म्हणाले, मामांनी. मामांना विचारलं. म्हणाले, लांब्याने. लांब्या गाडीवर मासळी चढवत होता. म्हणाला, "अरे, तूच म्हणालास ना. दवाखान्यातून परत येताना, रिक्षात. बिल्ला खिशात आहे, बिल्ला खिशात आहे, असं चाललं होतं तुझं."

माझ्या खिशात. मी माझ्या खिशातला म्हणत होतो.

मामांना खोल्यांच्या मागे घेऊन गेलो आणि बिल्ला दाखवला. त्यांनी हातात घेतला नाही. खाली बसले, पायरीवर.

"हे काय आता?"

"दार उघडलं तेव्हा मीच काढला असणार, खुंटीवरून. होता, मामा. मंगळवारी होता."

"मग तूच ओढलास ना दांडा," ते म्हणाले. आवाज चढला नाही. "बिल्ला दिसत असताना ओढलास. असं लिहून देणार आहेस? आईला काय सांगशील?"

"हाकही मारली नव्हती आपण."

"मी मारली."

"मामा."

त्यांनी बिल्ल्यावरून नजर काढली. मग म्हणाले, "मला ऐकू येते रे. माझी हाक मला ऐकू येते. खुंटीही रिकामीच दिसते. शपथेवर सांगतो, मी बनवून सांगत नाही." आणि माझं मनगट धरलं. "तू लिहून दिलंस तर मला काय दिसेल मग रोज?"

मी मनगट सोडवून घेतलं. मलाही तेच विचारायचं होतं कोणाला तरी.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्यांना कळलं होतं. बाकावर माझी जागा कोणी धरली नव्हती. कोणी वाईट बोललं नाही. फक्त कारकून जाताजाता म्हणाला, "भावाला गमावलंस, आता आम्हालाही गमाव." डबा गारच खाल्ला. अर्धा परत आणला.

संध्याकाळी आईला सांगितलं. बिल्ला होता, मी बघितला, आणि तरी ओढला. ती जपून ठेवायच्या कपड्यांच्या घड्या करत होती, दादाचे शर्ट. हातातली घडी तिने पुरी केली.

"तू एकट्यानेच बघितलास?"

"तिघांनी बघितला. मी बोलून दाखवला."

"बोललास ना?"

"बोललो. मग हसलो."

तिने पुढचा शर्ट मांडीवर घेतला आणि विचारलं, "तो हाका मारत असेल का रे आतून?"

मी म्हणालो, दार जाड आहे, आई.

आता हा प्रश्न आमच्या घरातून कधी जाणार नाही. गंजाच्या डागाने तो दोन आठवडे झाकला होता. म्हणूनच तर मला झोप लागत होती.

१ मार्च, शुक्रवार

सकाळी आई वहिनीकडे गेली. जाताना म्हणाली, "चिमणीला मी सांगते. मग तू ये." माझ्या डोक्यावरून हात फिरवायला आली आणि मध्येच थांबली. मग फिरवला.

बाईंचं ऑफिस अकराला उघडतं. चार ओळींची दुरुस्ती लिहिली आहे. खुंटीवर बिल्ला होता. हाक मारली गेली नाही. मी बिल्ला पाहिला व तरी रिकामी म्हणालो. दांडा मी ओढला. सोबत बिल्ला देणार आणि ही वहीही देणार, सहा तारखेच्या पानासाठी. नुसतं पान फाडून दिलं तर कोणी म्हणेल नंतर लिहिलं. सगळी दिली म्हणजे मधली पानंही त्या वाचतील. वाचू दे. त्यातला माणूसही मीच आहे.

पुढे काय होईल ठाऊक नाही. नोकरी राहणार नाही बहुतेक. वहिनी परत भाऊजी म्हणेल की नाही सांगता येत नाही. मामांकडे बघायची हिंमत माझ्यात नाही. झोप तर गेलीच. बरं वाटेल असं वाटलं होतं, तसं काही वाटत नाही.

हे बाहेर पायरीवर बसून लिहितो आहे. आत्ता घर बंद केलं. त्याआधी आतल्या खोलीत जाऊन बघितलं, मोरीत बघितलं, दारामागे बघितलं. आई वहिनीकडे आहे हे मला माहीत होतं. तरी उंबऱ्यात उभं राहून हाक मारली, "आहे का कोणी?" दहापर्यंत मोजलं, सावकाश. मग कुलूप लावलं.